धोतरात गुंडाळलेली टीम

बोरामणीकर काकांनी पहिल्या भेटीतच आमच्या ह्यांची कॉलर धरली. मी पिंकीला छातीशी आवळलं आणि जिन्याच्या कठड्याला चिकटून उभी राहिले. ओहायोत, डब्लिनला येऊन मला नऊ दिवस झाले होते, आणि मला वाटलं की अमेरिकेत मारामारी अशीच सुरू होत असणार, आधी हसून हॅलो म्हणायचं आणि मग कॉलर. पण काकांनी कॉलर उलटी केली, आतली शिवण डोळ्याजवळ नेली, अंगठ्यानं चोळली आणि म्हणाले, "लग्नातला शर्ट. तीन वर्षं झाली. कापड सासऱ्याचं, शिलाई तुमची, आणि शिंपी डावखुरा."

हे म्हणाले, शिंप्याचं काही आठवत नाही, बाकी सगळं बरोबर आहे.

"शिंप्याचंही बरोबरच आहे," काका म्हणाले. "तुम्ही बघितलं नाही एवढंच."

आणि कॉलर परत नीट बसवून, वरून दोन थापट्या मारून खाली निघून गेले. ते आमच्या खालच्याच अपार्टमेंटमध्ये राहायचे. माणूस सोलापूरचा. तिथल्या गिरणीत होते, मग शिकायला म्हणून इकडे आले आणि कोलंबसला एका युनिफॉर्मच्या कारखान्यात कापड तपासायच्या नोकरीला लागले ते रिटायर होईपर्यंत तिथंच. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा लांब सिअ‍ॅटलला. रविवारी त्याचा फोन यायचा, तो इंग्लिशमध्ये बोलायचा, काका मराठीत, आणि दोघांचं दोन मिनिटांत संपायचं.

ही गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीची. मी तेव्हा एकवीस वर्षांची, पिंकी आठ महिन्यांची, आणि मला सगळ्याची भीती वाटायची. फोन वाजला की भीती, बेल वाजली की भीती, कपडे धुवायच्या मशीनमध्ये पिंकीचं झबलं गोल गोल फिरताना दिसलं की उगाच भीती. हे सकाळी सातला जायचे ते संध्याकाळी सहाला यायचे. एक दिवस मी आमटीला फोडणी दिली आणि छताला लावलेली, धूर झाला की वाजणारी पांढरी डबी कोकलायला लागली, मी गॅस तसाच टाकून पिंकीला उचलून अनवाणी पळत पार्किंगमध्ये. मला वाटलं आता पोलीस येणार, फायरची गाडी येणार आणि आम्हाला तिघांना परत बार्शीला पाठवणार. आले ते बोरामणीकर काका, हातात झाडू घेऊन. वर गेले, झाडूच्या दांड्यानं ती डबी गप्प केली, गॅस बंद केला आणि आमटीत बोट घालून चव घेतली.

"गूळ विसरलीस," म्हणाले. "उद्यापासून दिवसा खाली येऊन बस. मी काही खात नाही."

म्हणजे मी काही माणसं खात नाही, असं म्हणायचं होतं त्यांना. आमटी त्यांनी वाडगाभर नेली.

तर मी जायला लागले, आणि तिथं मला काकांचं खरं खूळ कळलं. त्यांच्या घरात टेबलावर, पलंगावर, फ्रीजवर, जिकडे तिकडे बेसबॉलच्या टीमचे जुने फोटो. पिवळे पडलेले, कोपरे तुटलेले, मिशीवाल्या माणसांच्या दोन रांगा, पुढच्या रांगेतले गुडघ्यावर. लोक लांबून लांबून ते फोटो घेऊन यायचे आणि विचारायचे, मिस्टर बोरा, हा कधीचा आहे, आणि खरा जुना आहे का कोणी नंतर कॉपी काढलीय. काका आठवडाभर फोटो ठेवून घ्यायचे आणि मग टाइपरायटरवर पाच ओळींचं पत्र द्यायचे. पाचच ओळी. सहावी ओळ मागितली तर म्हणायचे, सहाव्या ओळीत माणूस थापा मारतो.

मी विचारलं, काका, तुम्हाला हा खेळ एवढा आवडतो का. ते म्हणाले, अजिबात नाही, दांडू मारायचा आणि पळत सुटायचं, त्यात बघायचं काय. मग हे कसं लागलं मागे, तर कारखान्यात एकदा एक क्लब आला होता, आजोबांच्या टीमसारखा जुना युनिफॉर्म शिवून द्या म्हणून, बरोबर फोटो. काकांनी फोटो बघितला आणि म्हणाले, तुम्ही सांगताय त्याच्यानंतर निदान दहा वर्षांनी काढलाय हा. क्लबवाले चिडले. मग त्यांनी घरी जाऊन शोधलं तर काका बरोबर निघाले. झालं, तेव्हापासून.

"कापड खोटं बोलत नाही." हे ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. एक भिंग होतं, त्यातून ते मला दाखवायचे आणि मी पिंकीला मांडीवर घेऊन बघायचे. हे बघ, कॉलरला नाडी आहे, बुटाच्या नाडीसारखी, म्हणजे फार जुना. इथं कॉलर उभी, आखूड, पोलिसाची असते तशी, म्हणजे त्याच्या नंतरचा. शर्टाला चेन दिसली की आणखी पुढचा. हातमोज्याची बोटं सुटी असली तर जुना, मध्ये वादी ओवलेली असली तर नवा. आणि सगळ्यांचे शर्ट लोकरीचे, फ्लॅनेलचे, भर उन्हाळ्यात. मला त्या माणसांची फार कीव यायची. काकांना यायची नाही, कारण ते चेहरे बघायचेच नाहीत. काळ्या कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या त्यांनी, फोटो आला की आधी चेहऱ्यांवर पट्टी. चेहरा माणसाला फशी पाडतो म्हणायचे, कुणी तरी आपल्या मामासारखा दिसतो आणि आपण त्याला दहा वर्षं जास्त देऊन टाकतो.

आणि माणूस असा ताठ की विचारू नका. मॉलमध्ये ड्वेन म्हणून एक दुकानदार होता, जुने फोटो, सह्या केलेले बॉल असलं विकायचा. तो एकदा एक फोटो घेऊन आला आणि म्हणाला हा पहिल्या महायुद्धाच्या आधीचा आहे, तसं लिहून द्या. काकांनी भिंग लावलं आणि त्यालाच दाखवलं, की ही शर्टाला चेन आहे ती तुमच्या आजीनं मागाहून बसवली का. ड्वेन म्हणाला, एवढं कोण बघतं. काकांनी दार उघडलं आणि बाहेरच्या पायरीकडे बोट केलं. मी आतल्या खोलीत पिंकीच्या तोंडावर हात ठेवून बसले होते, ती मोठ्यानं हसत होती. तेव्हापासून ड्वेन सगळ्या गावाला सांगायचा की मिस्टर बोरा येडा आहे, फोटोचा वास घेतो. वास घ्यायचे, ते खरं आहे. पण येडे नव्हते. आमच्या मराठी मंडळातल्या बायकासुद्धा म्हणायच्या, अगं त्या कॉलरवाल्याकडे कशाला जातेस. जाते, मी म्हणायचे. तुम्ही कुणी आला होतात का डबी वाजली तेव्हा.

मिस हेझल आली ती मे महिन्यात. सत्तरीची काळी बाई, उंच, चर्चला घालायची टोपी डोक्यावर, हातात पावाच्या पिशवीत ठेवलेला फोटो. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून रिटायर झालेली. फोटो गुंडाळी होऊन वळलेला होता, जुन्या कॅलेंडरसारखा. काळ्या मजुरांची टीम, विटांच्या भट्टीवर काम करणारे अकरा जण, आणि त्यात तिचे वडील. गावच्या लायब्ररीत जुन्या खेळांचे फोटो लावणार होते, पुढच्या आठवड्यातल्या रविवारी उद्घाटन. तिनं हा नेऊन दिला तर लायब्ररीवाल्यांनी सल्ल्याला बोलावला होता तो ड्वेन म्हणाला, ही नंतरची कॉपी आहे, अशी टीम इथं होती असं कुठं लिहिलेलं नाही. लिहिणार कोण, मिस हेझल म्हणाली, पेपरवाले त्यांच्या मॅचला यायचेच नाहीत. ते अकरा जण खेळले होते याला तो एक कागदच काय तो पुरावा. लायब्ररी म्हणाली, मिस्टर बोराचं पत्र आणा, मग लावू.

काकांनी नेहमीसारखी चेहऱ्यांवर पट्टी ठेवली. मिस हेझलनं ते बघितलं आणि पावाची पिशवी घडी घालून पर्समध्ये ठेवली. काका म्हणाले, सोमवारी या.

आता मी काय केलं ते सांगते. काका फोटो धोतरात बांधून ठेवायचे, पोथी बांधतात तसे. आपली जुनी मऊ झालेली धोतरं फाडून चौकोन केले होते, प्रत्येक फोटोला एक, वरून जाड पुस्तकांची चळत. ते चौकोन ते स्वतः नुसत्या पाण्यात खळबळून वाळत टाकायचे. पिवळट दिसायचे. मला वाटलं, या माणसानं आपल्याला डॉक्टरकडे नेलं आणलं, भाजी आणली, फोन कसा करायचा शिकवला, आपण त्यांचं काय केलं. तर ते कोलंबसला बँकेत गेले होते त्या दिवशी मी सगळे चौकोन उचलले आणि खाली लाँड्रीत नेऊन मशीनमध्ये टाकले, पावडर दोन कप. पांढरेशुभ्र निघाले. पिंकी रडत होती म्हणून ड्रायरमधून जरा लवकर काढले, दमटच होते, घड्या घालून जागच्या जागी ठेवले. काकांना सांगितलंसुद्धा नाही. केलेलं काय सांगायचं.

आणि त्याच संध्याकाळी काकांनी मिस हेझलचा फोटो, पुढच्या बाजूवर काळा कागद ठेवून, त्यात बांधला आणि पुस्तकाखाली घातला, सरळ व्हायला.

एरवी ते फोटो आला की लगेच जांभळ्या दिव्याखाली धरायचे. अंधारात धरायचा असतो. कागद जुना असला तर काळा राहतो, नवा असला तर निळा चमकतो, कारण नव्या कागदात चमक यायला काही तरी घालतात. पण दिव्याची नळी गेली होती आणि नवी यायला शनिवार उजाडला. आल्या आल्या काका कपड्यांच्या क्लॉझेटमध्ये शिरले आणि मला म्हणाले, ये आणि दार ओढून घे. भर दुपारी आम्ही तिघं त्यांच्या कोटांमध्ये उभे. दिवा लागला आणि पिंकीचं झबलं भुतासारखं निळं पेटलं. मी किंचाळणार होते. काका म्हणाले, अगं तुझ्या साबणाची पावडर आहे ती, त्यातही तेच घालतात, घाबरतेस काय. आणि मग फोटोची पाठ दिव्याखाली धरली. ती पण चमकली.

काकांनी दिवा विझवला. मग म्हणाले, "कापड बरोबर होतं. कागद नवा आहे. कॉपी."

सोमवारी मिस हेझल आली. काकांनी दारातच पत्र दिलं, पाच ओळी. तिनं उभ्यानं वाचलं. मी आतून बघत होते. ती रडली नाही, भांडली नाही. काकांनी फोटो पुढे केला तो तिनं घेतला, दाराजवळच्या टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, माझ्या आईनं हा बिछान्याखाली चाळीस वर्षं जपला, खोटा असेल तर मला तो घरात नको. आणि टोपी सरळ करून निघून गेली.

मला मंगळवारी कळलं. लाँड्रीत पिंकीचं झबलं घडी घालत होते आणि हात तिथंच थांबला. झबलं चमकलं ते पावडरीनं. धोतरं कशानं धुतली मी. मी त्या मशीनवर बसलेच. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे आणखी घाबरले. म्हणाले, तोंडातून शब्द काढू नको, इथं लोक कोर्टात खेचतात, आपलं ग्रीन कार्डचं चाललंय, कुणाचा पुरावा खराब केला म्हणून केस झाली तर. मी दोन दिवस खाली गेले नाही. जेवण जाईना. डोळ्यासमोर ती बाई, टोपी सरळ करणारी. आणि खरं सांगू, त्याहून जास्त भीती काकांची. ते एकदा कुणाला दार दाखवायचे ते कायमचं. मला दार दाखवलं तर मी दिवसभर कुणाशी बोलणार होते, त्या छतावरच्या डबीशी?

गुरुवारी हे कामावर गेले आणि मी पिंकीला कडेवर मारून खाली गेले. काका म्हणाले, काय गं, आजारी होतीस का. मी एका श्वासात सगळं सांगितलं, पावडर दोन कप, ड्रायर, दमट घड्या, सगळं.

काकांचं तोंड लाल झालं. म्हणाले, काहीतरी बोलू नको. धुतल्या कपड्यानं कागद नवा होतो का. मी एकोणीस वर्षं हे करतोय, एक पत्र मागं घेतलेलं नाही.

मी म्हटलं, मग घ्या की एक.

"नववी नापास पोरीनं मला कापड शिकवायचं?"

पण माझं तोंड थांबेना. "नापास आहे," मी म्हटलं, "पण धुणं मी रोज धुते. तुम्ही नुसतं बघता."

मला वाटलं आता पायरीकडे बोट जाणार. पण ते उठले, फोटो घेतला, भिंग घेतलं, क्लॉझेटमध्ये शिरले आणि दार ओढलं. मी बाहेर उभी. आतून काही आवाज नाही. पिंकीनं माझं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं ते काढायचंसुद्धा मला सुचेना. मग आतून हाक आली, आत ये, दार लाव.

काका बुटांच्या ढिगावर खालीच बसले होते. फोटोची पाठ दिव्याखाली. भिंग माझ्या हातात दिलं. मी बघितलं तर ती चमक सगळीकडे सारखी नव्हतीच. बारीक जाळी होती, उभे धागे, आडवे धागे, आणि एका बाजूला दाट पट्टा सरळ रेघेत गेलेला.

"काठ आहे," काका म्हणाले. "माझ्या धोतराचा. सोलापूरहून आणलेला." आणि मग त्यांनी फोटो उलटा केला, पुढची बाजू धरली. काळीच राहिली. कडेला, जिथं कापड लागलं नव्हतं, तिथं पाठसुद्धा काळीच. जुना कागद. खरा.

मी म्हटलं, म्हणजे कापड खोटं बोललं.

"कापडानं सही करून दिली होती," ते म्हणाले. "उभा आडवा सगळा धागा दिसतोय. मीच पाठ चमकली म्हटल्यावर भिंग उचललं नाही." आणि हसायला लागले, तसं मोठ्यानं नाही, खांदे हलवत. पिंकी पण हसली. मी रडत होते. असे आम्ही तिघं त्या कोटांमध्ये.

बाहेर येऊन त्यांनी लगेच टाइपरायटरला कागद लावला. मी म्हटलं, माझं नाव घाला, चूक माझी आहे. ते म्हणाले, तुझी कसली, फोटो तपासायचं काम तुझं होतं का. त्या पत्रात सहा ओळी झाल्या. सहावी काय लिहिली म्हणून विचारलं तर म्हणाले, "मी नीट बघितलं नाही, असं लिहिलंय. थापा नाहीत त्यात."

हे घरी यायच्या आत आम्ही त्यांच्या गाडीतून लायब्ररीत. मला वाटत होतं वाटेतच पोलीस अडवणार. लायब्ररीत भिंतीवर फोटो लागत होते आणि शिडीखाली कोण उभा, तर ड्वेन. काकांनी पत्र तिथल्या बाईच्या हातात दिलं. तिनं वाचून ड्वेनला दिलं, आणि तो असा हसला की शिडीवरच्या माणसानं खाली बघितलं. म्हणाला, मिस्टर बोरा, तुमची स्वतःची लुंगी तुम्हाला ओळखू आली नाही? आता तुमच्याकडे कोण येणार फोटो घेऊन?

मला सगळं इंग्लिश कळलं नाही, पण हसणं कळलं. मी काकांच्या मागं सरकले. काका सरकले नाहीत. त्यांनी बोट उचललं आणि एकेक शब्द वेगळा करून म्हणाले, मला नंतर त्यांनीच मराठीत सांगितलं, "मी बघून चुकलो. तुम्ही न बघता चुकलात. माझी चूक दुरुस्त झाली. तुमची कशी होणार?" आणि वर म्हणाले, लुंगी नाही, धोतर.

ती लायब्ररीची बाई म्हणाली, जागा आहे, पण फोटो ज्यांचा आहे त्यांनी हो म्हणायला पाहिजे.

मग आम्ही मिस हेझलकडे. लहानसं घर, पुढं जाळीचं दार. काका गाडीतून उतरले आणि थेट पुढं गेले. दारात उभे राहिले, बेल वाजवली, आणि ती आली तेव्हा ते पत्र हातात न देता त्यांनी स्वतः वाचून दाखवलं, सहाच्या सहा ओळी, जाळीच्या बाहेर उभं राहून. पिंकी माझ्या कडेवर झोपली होती. मला वाटत होतं ती बाई आता दार लावणार, आणि लावलं असतं तरी मी तिला काही म्हटलं नसतं.

ती म्हणाली, तुम्ही माझ्या तोंडावर खोटं म्हणालात. आता कागद नको. तोंडावर सांगा काय आहे ते.

काकांनी पत्र खिशात घातलं. म्हणाले, पहिलं महायुद्ध संपलं त्याच्या आसपासचा. उभ्या कॉलरी आहेत, हातमोज्यांची बोटं सुटी आहेत. शर्ट एका दुकानातले नाहीत, घरी शिवलेत, अकरातले चार एकाच हातचे. बटणं वेगवेगळी. उन्हाळा आहे, बाह्या दुमडल्यात. खरा आहे. पहिल्या दिवसापासून खरा होता.

"ते चार माझ्या आईनं शिवलेत," मिस हेझल म्हणाली.

तिनं जाळी उघडली. आम्ही स्वयंपाकघरात गेलो. फोटो टेबलावर ठेवला आणि काकांनी हात मागं बांधले. भिंग गाडीतच राहिलं होतं, पट्ट्यापण. मग त्यांनी विचारलं, यातले तुमचे वडील कोणते. तिनं बोट ठेवलं. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे, कान मोठे. काका वाकून बघत राहिले. मग ती दुसऱ्यावर गेली, हा त्यांचा भाऊ, हा पाद्री झाला, याचं भट्टीत बोट गेलं, तरी खेळायचा. प्रत्येकाचं नाव तिला माहीत होतं. काका मान हलवत होते आणि मला दिसत होतं की ते कॉलरी बघत नाहीयेत. अकरा जण झाले. ती म्हणाली, रविवारी मी स्वतः नेऊन लावेन, तुम्ही कोणी हात लावायचा नाही. काका म्हणाले, बरोबर आहे.

आता निघायचं होतं. काम झालं होतं. हे घरी येऊन आम्हाला शोधत असणार होते, मला उशीर झाला होता, ओरडा बसणार होता. काका दाराकडे वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. किल्ल्या हातात होत्या, त्या खिशात ठेवल्या, परत काढल्या. हा माणूस लायब्ररीत शिडीखाली सगळ्यांसमोर उभा राहून इंग्लिशमध्ये भांडून आला होता. तो माझ्याकडे वाकला आणि अगदी हळू, मराठीत म्हणाला, "सुमन, तिला विचार, मी जरा वेळ बसलो तर चालेल का."

मला तेव्हा इंग्लिश थोडं कळायचं, पण बोलता काय येत होतं, थँक्यू, सॉरी आणि मिल्क. पण मी विचारलं.

"मिस हेझल, काका सिट? लिटिल टाइम?"

मिस हेझलनं आधी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. दुसऱ्या खुर्चीवर तिची पर्स आणि वर्तमानपत्रं होती. तिनं ती उचलली आणि ओट्यावर ठेवली.